आधी खुर्चीतल्या माणसानं बोलायचं

डॉ. इंदुमतीअक्कांशी माझा पहिला परिचय झाला तो त्यांनी मला तपासणीच्या खोलीतून बाहेर काढलं तेव्हा. लेखाची सुरुवात परिचयापासून करावी असं संपादक मंडळींनी कळवलं होतं, म्हणून जे घडलं तिथूनच सुरू करतो. अक्कांचं आडनाव, त्यांच्या पदव्या, त्यांना मिळालेले मानसन्मान या गौरवग्रंथाच्या पहिल्या पानांवर आहेतच. त्यांच्या शस्त्रक्रियेतल्या हाताबद्दल त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांनी लिहिलं आहे. तो माझा प्रांत नाही. माझं शिक्षण बारावीच्या उंबरठ्यावर अडखळलं आणि त्यानंतर पाय एका जागी कधी ठरले नाहीत. पेशंटच्या बाजूनं कोणीतरी लिहायला हवं, म्हणून मला सांगण्यात आलं. खरं तर मी पेशंटही नव्हतो. पेशंटबरोबर आलेला होतो.

आमच्या रावेरकडच्या गावांत दवाखान्यात जायचं म्हणजे जुने कागद, पाण्याची बाटली आणि एक बोलका माणूस बरोबर घ्यायची रीत आहे. बोलका माणूस म्हणजे डॉक्टरासमोर न घाबरता बोलणारा. पेशंट मुका नसतो, पण दवाखान्याच्या पायरीवर त्याचं तोंड बंद होतं. मग हा बोलका माणूस सगळं सांगतो. कधीपासून दुखतं, काय खाल्लं, काय मानवलं नाही. डॉक्टर त्याच्याकडे बघून विचारतात, तो उत्तर देतो, आणि पेशंट दोघांच्या मधे मान खाली घालून बसलेला असतो. लग्न जुळवायला जसा मध्यस्थ, तसा हा दुखण्यातला मध्यस्थ.

मी गावातला असा बोलका माणूस होतो. केळीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून दिल्लीपर्यंत जाऊन आलेला, सुरतेला साड्यांच्या दुकानात घड्या घातलेला, शिरपूरला कापसाच्या एका जिनिंगवर एक हंगाम काढलेला. हिंदी येत होती, गुजराती समजत होती, शिरपूरकडची अहिराणीही कानावरून गेलेली होती. शिवाय घरी असेन तेव्हा मला काम नसायचं. ही बोलक्या माणसाची सर्वांत मोठी पात्रता. ट्रकवरच्या दिवसांबद्दल लिहायला बसलो तर हा ग्रंथ पुरायचा नाही. केळीचे घड भरताना खाली पालापाचोळा कसा अंथरतात, त्याचीसुद्धा एक कला आहे. पण ते राहू द्या.

शांताआत्या ही माझ्या वडिलांची बहीण. माझी आई लवकर गेली, त्यामुळे मी अर्धा तिच्याच हातचं खाऊन वाढलो. तिचे यजमान तरुणपणीच गेले. ती आमच्याच गावात दिराच्या, म्हणजे जगन्नाथआबांच्या एकत्र घरात राहायची. मोठं खटलं, केळीची बाग, घरात कायम गडीमाणसांचा राबता. पन्नाशीच्या अलीकडची आत्या त्या वर्षी फिकी पडत चालली होती. पाळी सुरू झाली की थांबेना. एका दवाखान्यात दाखवलं, तिथं सांगितलं की पिशवी काढून टाका. आमच्याकडे हे वाक्य नवीन नाही. गल्लीत ज्या त्या बाईची पिशवी काढलेली. आबांनी घरी बसून ठरवलं, कापणी उरकली की पिशवी काढून घेऊ, मग घरात बायका मोकळ्या असतात. पाचोऱ्याला बायकांच्या चांगल्या डॉक्टर आहेत असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. आत्याला काय वाटतं, हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

भुसावळला गाडी बदलून आम्ही पाचोऱ्याला उतरलो. अक्कांचा दवाखाना तेव्हा जुन्या जागेत होता. पत्र्याचा व्हरांडा, समोर कडुनिंब, निंबाखाली सिमेंटचा ओटा. आता तिथं मजल्यांची इमारत उभी आहे, निंब गेला. नव्या इमारतीत सगळं झकपक आहे, तरी मला त्या ओट्याची आठवण येते. तिथं बसून मी कितीतरी माणसांच्या गोष्टी ऐकल्या.

खोलीत अक्कांच्या टेबलासमोर एकच खुर्ची होती. हे मला पहिल्यांदा खटकलं. इतर ठिकाणी दोन-तीन असतात. आबा सवयीनं त्या खुर्चीत बसले. आत्या मागं उभी, मी तिच्या बाजूला. मी सुरू झालो. कधीपासून त्रास, कुठं दाखवलं, काय सांगितलं, ऑपरेशनला घरच्यांची तयारी आहे, दुसरा कुठला आजार नाही, कुठली गोळी चालू नाही. सगळं न अडखळता. अक्कांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "छान बोलता तुम्ही. आता मला सांगा, दुखतंय कोणाला?"

मी आत्याकडे बोट दाखवलं.

"मग त्यांना बसू द्या की."

आबा उठले. आत्या बसेना. दिरासमोर खुर्चीत बसायचं तिच्या अंगवळणी नव्हतं. अक्का स्वतः उठल्या, तिच्या दंडाला धरून तिला बसवलं, आणि मग आम्हा दोघांना अतिशय आदरानं बाहेर जायला सांगितलं. आबांना ते लागलं. घरचा कर्ता माणूस बाहेर आणि आत काय चाललं ते त्याला माहीत नाही, असं कसं. अक्का म्हणाल्या, "आबा, तुमच्यापासून काही लपवणार नाही. पण आधी यांचं ऐकते. मग यांनी हो म्हटलं की तुम्हाला बोलावते. दुखणं यांचं आहे, तर ते कोणाला सांगायचं हेही यांनीच ठरवायचं."

बाहेर निंबाखाली आबांनी सगळा राग माझ्यावर काढला. "चांगला बोलका आनला म्या. तुले त पयलंच बाहीर काढलं."

"तुम्हालाही काढलंच की, आबा."

त्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, दवाखाना आहे हे आठवून परत ठेवली. मग बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता, म्हणाले की भाऊ गेला तेव्हा त्याला शब्द दिला होता, हिला काही कमी पडू देणार नाही. हिचं काही बरंवाईट झालं तर वर जाऊन त्याला काय तोंड दाखवू. जगन्नाथआबा हे कडक माणूस म्हणून आमच्याकडे प्रसिद्ध. त्यांच्या तोंडून असं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आत काय झालं ते आत्यानं मला परतीच्या गाडीत सांगितलं, आणि नंतरही कितीतरी वेळा सांगितलं. दर वेळी त्यात थोडी भर पडते, पण मूळ हकिगत अशी.

अक्कांचं माहेर शिरपूरच्या पलीकडच्या एका खेड्यात. बाईमाणूस घाबरलेलं दिसलं की त्या शहरी मराठी सोडून अहिराणीत शिरतात. आत्याची बोली वेगळी, आमच्या भागातली तावडी, पण तिला ते समजलं. आत्याचा हात हातात घेऊन अक्कांनी विचारलं, "हाई आंग कोनं शे?" हे अंग कोणाचं आहे.

आत्याला प्रश्नच कळेना. ती म्हणाली, "आता घरच्याईचंच म्हना ना बाप्पा."

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, पुन्हा त्याच आवाजात. आत्या म्हणते, मले वाटलं माह्यं उत्तर चुकलं, म्हणून म्या इचार केला. आणि मग हळूच म्हणाली, "माह्यं."

"मग बठ्ठं, सगळं, तूच सांग. बाहेरचा पोऱ्या काय म्हणाला ते मी ऐकलं. आता तुझं ऐकायचं आहे."

मग आत्या बोलली. अक्कांनी विचारलं, कुठली गोळी चालू आहे का. ती नाही म्हणाली. तिच्या लेखी ते खरंच होतं, कारण तिच्या नावावर कुठलीच गोळी नव्हती. पण अक्का तिथं थांबल्या नाहीत. दुसऱ्या कोणाची घेतेस का, असं विचारलं. आमच्या भागातल्या सवयी त्यांना बरोबर ठाऊक होत्या.

इथं मला गल्लीतली एक रीत सांगायला हवी. विरजण संपलं की जशी शेजारणीकडे वाटी जाते, तशी आमच्याकडे गोळीही फिरते. गुडघ्याची, पित्ताची, प्रेशरची, झोपेची. "याईले लागू पडली, तू बी घेऊन पाह्य." त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, उलट प्रेम वाटतं. शेजारच्या गणपतभाऊंच्या छातीत स्प्रिंग टाकलेली होती. त्यांना रक्त पातळ करायची गोळी होती. आत्याचे पाय जड पडायचे, मुंग्या यायच्या. गणपतभाऊंच्या बायकोनं निदान केलं की तुझं रक्त घट्ट झालंय, आमच्या माणसाची गोळी घेत जा. कितीतरी महिने आत्या ती घेत होती. पदराच्या गाठीत स्ट्रिपचा तुकडा बांधलेला होता. तिनं तो सोडून टेबलावर ठेवला.

अक्कांनी तुकडा उलटसुलट करून बघितला आणि कपाळाला हात लावला. जिचं रक्त थांबत नाही म्हणून ऑपरेशन ठरलं होतं, ती बाई रक्त पातळ करायची गोळी खात होती. तसंच टेबलावर घेतलं असतं तर काय झालं असतं, ते अक्कांनी तिला साध्या शब्दांत सांगितलं. मग रागावल्याही. माझ्या आत्याला आजवर रागावलेली माणसं पुष्कळ, पण हे रागावणं तिला वेगळं वाटलं. अक्का म्हणाल्या की तुला विचारणं हे माझं काम, आणि मला खरं सांगणं हे तुझं. मी माझं केलं नाही तर तू माझ्याशी भांड. तू तुझं केलं नाहीस तर माझ्या हातात सुरी असून मी आंधळी.

तपासण्या झाल्या. पिशवीत एक गाठही निघाली, लहान होती, वाईट जातीची वाटत नव्हती. म्हणजे प्रश्न सगळा गोळीचा नव्हता. आत्याच्या परवानगीनं आम्हाला आत बोलावलं. या वेळी आत्या खुर्चीत होती आणि आम्ही भिंतीला टेकून उभे. अक्कांनी सांगितलं ते असं, की एक तर गोळी थांबवून काही महिने वाट बघता येईल, रक्त वाढायची औषधं घेऊन. बरं वाटलं तर ठीक. नाही वाटलं, गाठ वाढली, तर ऑपरेशन आहेच. किंवा गोळीचा असर उतरला की लगेच ऑपरेशन करता येईल. दोन्हीत काय धोका, काय फायदा, हे त्यांनी सांगितलं आणि हेही सांगितलं की माझ्यावर विश्वास नसेल तर जळगावला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, कागद मी देते, मला राग येणार नाही. एवढं सांगून त्या आत्याला म्हणाल्या, "आता मी काय सांगितलं, ते तू मला परत सांग."

ही अक्कांची पद्धत. सांगून झालं की पेशंटनं ते आपल्या भाषेत परत सांगायचं. चुकलं तर अक्का पुन्हा सांगतात. न कंटाळता. नंतरच्या वर्षांत मी बघितलं आहे, बाहेर रांग लागलेली, सिस्टर दारातून डोकावतेय, आणि अक्का एका म्हातारीला पुन्हा पहिल्यापासून समजावताहेत. त्यांच्या एका शिष्य डॉक्टरांनी एकदा म्हटलं, अक्का, सही घेतली की झालं की. तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, सही हाताची असते, होकार डोक्याचा असतो.

आत्यानं परत सांगितलं. अडखळत, पण बरोबर. आता ठरवायचं होतं आणि ठरवायचं तिलाच होतं. आबा म्हणाले, यात ठरवायचं काय, आलोच आहोत तर दोन दिवसांनी करून टाकू, कापणी झाली आहे, पुन्हा घरातून निघणं होणार नाही. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. ते घाबरले होते. घाबरलेला माणूस घाई करतो.

आत्यानं आधी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी बोलका माणूस, मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण अक्का माझ्याकडे अशा बघत होत्या की ते तिथंच राहिलं. मग आत्या म्हणाली, "आबा, आत्ता नाही. म्या थांबून पाहीन."

मी तिला दिराला नाही म्हणताना पहिल्यांदा ऐकलं. आबांनीही. आबा बाहेर निघून गेले.   निरोप घेताना अक्कांनी तिला अजून एक काम लावलं. म्हणाल्या, तू नाही म्हणालीस, चांगलं झालं, आता ते निभवायचं. महिन्याच्या महिन्याला यायचं, घरात कितीही काम असलं तरी. आणि गावी गेल्याबरोबर त्या गणपतभाऊंना सांगायचं की त्यांची गोळी दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. ती तुला दिली की त्यांना एक दिवस कमी पडते.

ते खरंच निघालं. गणपतभाऊ शेजारधर्म म्हणून स्वतः एक दिवसाआड घेत होते. छातीत स्प्रिंग असलेला माणूस. आत्यानं त्यांच्या दारात उभं राहून त्यांना असं काही झापलं की गल्ली बाहेर आली. गणपतभाऊंची बायको म्हणाली, देनाऱ्यालेच शिव्या काय. पण गोळ्यांची वाटी त्या दिवसापासून आमच्या गल्लीत फिरायची थांबली. विरजणाची अजून फिरते.

दर महिन्याला पाचोऱ्याला जायचं काम माझ्याकडे आलं. आबा येत नव्हते, गाडीही देत नव्हते. आत्या सकाळी सगळ्यांचा स्वयंपाक करून निघायची, कोणी टोमणा मारला तर ऐकून घ्यायची, पण एकही महिना तिनं चुकवला नाही. मी निंबाखाली बसायचो. अक्कांना माझं रिकामं बसणं दिसत होतं. एकदा त्यांनी मला बोलावून सांगितलं की तुमच्याकडून माणसं दवाखान्यात येतात, त्यांना तुम्ही आणता, ते चांगलं करता. आणत जा. पण त्यांच्या वतीनं बोलू नका. गाडीत त्यांना विचारा, डॉक्टरांना काय सांगणार आहात. त्यांच्याकडून दोनदा बोलवून घ्या. आणि आत गेलात की गप्प उभं राहा. मला वाटलं, हे सोपं आहे. गप्प राहणं हे मी आयुष्यात शिकलेलं सर्वांत अवघड काम निघालं. अजून पूर्ण जमलेलं नाही, हे या लेखाच्या लांबीवरून वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

या सगळ्याचं मूळ कुठं आहे, ते मी अक्कांना एकदा विचारलं होतं. व्हरांड्यात चहा पीत होतो. त्यांनी सांगितलं की शिक्षण संपल्यावर धुळ्याला एका मोठ्या दवाखान्यात त्या नवीन होत्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची बाई होती, ऑपरेशन झालेली, टाके सुकलेले, घरी जायला निघालेली. जाताना तिनं अक्कांचा पदर धरून विचारलं, बाई, माझ्यातलं काय काढलं? सासऱ्याला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, गावच्या पाटलाला माहीत होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. अक्का म्हणाल्या, मी तिला सांगायला बसले आणि मला तिची भाषा येईना. एवढं सांगून त्यांनी कप खाली ठेवला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. त्या बाईची पावरी बोली अक्का पुढच्या काळात शिकल्या, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी या ग्रंथात लिहिलं आहे. कशासाठी शिकल्या, ते मला वाटतं मला माहीत आहे.

आत्याचं रक्त जाणं कमी झालं. चेहऱ्यावर पाणी आलं. ती पुन्हा शेतावर जायला लागली, पापड लाटायला लागली, मला बोलायला लागली. पुढं दोन पावसाळे गेल्यावर त्रास पुन्हा सुरू झाला. या वेळी गोळीचा काही संबंध नव्हता, गाठ वाढली होती. अक्कांनी आधी सांगितलंच होतं, आणि आत्यानं ते परत सांगितलंही होतं, त्यामुळे तिला धक्का बसला नाही. घरी तिनंच जेवणाच्या वेळी जाहीर केलं की आता म्या ऑपरेशन करून घेनार. कधी, तेही तिनंच सांगितलं. कापणीचे दिवस होते. तरी कोणी अडवलं नाही.

निघायच्या सकाळी घराच्या ओट्यावर आबा तयार होऊन बसलेले होते. धुतलेलं धोतर, टोपी.  गाडी त्यांनीच बोलावलेली होती.

पाचोऱ्याला खोलीत शिरताना आत्या पुढं होती. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. सांगायला सुरुवात केली, कधीपासून, किती, काय घेतलं, काय घेतलं नाही. मी भिंतीला टेकून. आबा माझ्या शेजारी, हात मागं बांधून. अक्कांनी सगळं ऐकलं, तपासलं, समजावलं, परत सांगायला लावलं. मग जुन्या ओळखीनं आबांकडे वळून म्हणाल्या, "आबा, तुम्हाला काही विचारायचं आहे का?"

आबांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "त्याईलेच इचारा, अक्का. म्या सोबत आलो आहे."

अक्कांनी मान खाली घालून काहीतरी लिहायला घेतलं. मी त्यांच्या समोर उभा होतो म्हणून मला दिसलं, त्या काहीच लिहीत नव्हत्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी आमच्या रिवाजाप्रमाणे गावाहून ट्रॉली भरून माणसं भेटायला आली, केळीच्या फण्या घेऊन. अक्कांनी वॉर्डच्या दारात उभं राहून आत्याला तिथूनच विचारलं, कोणाला आत सोडू? आत्या म्हणाली, आज कोनालेच नका सोडू, मले झोपू द्या. अक्का बाहेर येऊन तेच म्हणाल्या. लोक नाराज झाले, शेवटी इतक्या लांबून आलेले. तेव्हा त्यांना निंबाखाली नेऊन समजावण्याचं काम जगन्नाथआबांनी केलं. शेजारच्या खाटांवर इतर बायका आहेत, त्यांनाही झोप लागते, असं ते गावच्या लोकांना सांगत होते. केळी सगळ्या वॉर्डात वाटली गेली. सिस्टरांनी दोन दिवस दुसरं काही खाल्लं नाही.

अक्कांच्या स्वभावातली एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मागल्या वर्षी त्यांना ओपीडीतच चक्कर आली. धुळ्याला त्यांच्याच एका विद्यार्थ्याकडे तपासायला नेलं. तो बिचारा मोठ्या आदरानं, पण अक्कांना सोडून, त्यांच्या भाच्याला सगळं सांगायला लागला. अक्का म्हणाल्या, "खुर्चीत मी बसले आहे." विद्यार्थ्यानं कान पकडले आणि सगळं त्यांना सांगितलं. प्रेशर वाढलेलं होतं, दर महिन्याला दाखवायला यायचं ठरलं. अक्कांनी ते अचूक परत सांगितलं. आणि मग, सिस्टरांकडून कळतं, पुढचे कितीतरी महिने त्या गेल्याच नाहीत. पेशंट खोळंबतात, म्हणून. आम्हाला नियम शिकवणाऱ्या अक्का स्वतः तेवढा एक नियम पाळत नाहीत.

आज अक्का पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. खान्देशातल्या कितीतरी घरांत आता बाई दवाखान्यात जाताना सोबतचा माणूस मागं उभा राहतो, आणि ती खुर्चीत बसून स्वतःचं स्वतः सांगते. त्यातल्या बऱ्याच जणींना अक्कांचं नावही माहीत नसेल. त्यांच्या वतीनं बोलायची मला अक्कांनीच मनाई केली आहे, म्हणून फक्त माझ्यापुरतं लिहितो. अक्का, तुमचे हात असेच स्थिर राहोत, तुमचा कान असाच उघडा राहो, आणि आम्हाला परत परत समजावून सांगायला तुम्हाला पुष्कळ वर्षं, निरोगी वर्षं मिळोत.

लेख पुरा करण्याआधी आत्याला विचारलं, तुझा काही निरोप लिहू का. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अक्काले सांग, अंग तुमचंच आहे, मान्य आहे. पन महिन्याच्या महिन्याले दाखवायले जायचं. नाहीतर म्या येईन सोबत, अन तुमच्या डॉक्टरसमोर म्याच बोलीन."